निर्लांछन, पांजरापोळ आणि ठकीचे बारा दिवस



आपल्या श्रावकाचारात निर्लांछन नावाचा एक शब्द आहे. पाठशाळेत पंधरा खरकर्मांची यादी म्हणताना आपण तो भराभर म्हणून पुढे जातो. श्रावकाने पोटासाठी कोणते धंदे करू नयेत, त्याची ही यादी. कोळसे पाडणं, तळी आटवणं, विष विकणं, हस्तिदंताचा व्यापार करणं, आणि त्यातच निर्लांछन, म्हणजे जनावराचं नाक टोचणं, डाग देणं, कान कापणं, त्याला खच्ची करणं. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात ही यादी दिली आणि तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात दिली. म्हणजे ही यादी श्वेतांबर आणि दिगंबर दोन्हीकडे सापडते.

त्याच यादीत ‘असतीपोष’ही आहे. हिंसक प्राणी बाळगणं हा त्याचा एक अर्थ. माझ्या आजेसासूबाई त्यात कुत्रा-मांजर दोन्ही धरायच्या. दारात आलेल्याला भाकरी घालायची, पण उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. म्हणजे कुत्रा पाळायचा नाही आणि कुणाला खच्चीही करायचं नाही. दोन्हीकडून दार बंद!

म्हणून मागच्या वर्षी आमच्या वडूजच्या गल्लीतल्या ठकी नावाच्या कुत्रीचं ऑपरेशन करवून मी तिला बारा दिवस घरात ठेवलं, तेव्हा मंदिरात दोघी-तिघींनी मला सरळच विचारलं, “वहिनी, हे निर्लांछन नाही का?” प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधायला मला बरंच मागे जावं लागलं, ते आज तुमच्यापुढे मांडते.

पहिल्यांदा बैलांकडे बघू, कारण शास्त्रकारांच्या डोळ्यांपुढे बैलच असणार. आमचा माण-खटाव हा खिलार बैलांचा मुलूख. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बैलांचा केवढा बाजार भरतो, हे इकडच्या बायकांना सांगायला नको. पण बैल जन्माला येत नाही, जन्मतो तो गोऱ्हा. त्याला बडवून बैल करतात. जुनी रीत अशी, की पाय बांधून त्याला आडवा पाडायचा, चार माणसांनी धरायचा आणि शुद्धीवर असतानाच ठेचायचा. पुढे जनावरांच्या दवाखान्यात लोखंडी मोठा चिमटा आला. तो बुर्डिझ्झो नावाच्या इटालियन पशुवैद्याने काढलेला. त्याने निदान जखम होत नाही, रक्त येत नाही. पण जुन्या रीतीने बडवलेला गोऱ्हा ज्याने पाहिलाय, त्याला हे कर्म श्रावकाच्या वाट्याला का नको, हे पोथी न उघडता कळेल.

बेशुद्ध करून कापता येतं, हे जगाला कळलं १८४६ साली, अमेरिकेत बोस्टनला ईथरचा जाहीर प्रयोग झाला तेव्हा. पुढच्याच वर्षी क्लोरोफॉर्म आलं. जखमेत पू होऊ नये म्हणून कार्बोलिक वापरायचं, हे लिस्टरने १८६७ मध्ये दाखवलं. म्हणजे हेमचंद्र आणि आशाधर यांच्यापासून सहा-सातशे वर्षं पुढे. त्यांनी जे निषिद्ध केलं, त्यात यातना होत्या, जखम सडण्याची भीती होती आणि कमाईचा हेतू होता. या तीन गोष्टी बाजूला काढल्या तर काय उरतं, असा प्रश्न त्यांच्यापुढे कधी आलाच नाही. तो आपल्यापुढे आलाय.

कुत्र्यांना तर कुणी खच्ची करतच नसे. त्यांची संख्या वाढली की सरकार मारायचं आणि आपले लोक वाचवायचे. यातली सर्वांत मोठी गोष्ट मुंबईतली आहे आणि तिच्यात आपल्या एका शेठचं नाव आहे.

मुंबईत इंग्रजांचा नियम होता, की उन्हाळ्यात ठरावीक दिवस मोकाट कुत्री मारायची. १८३२ साली ती मुदत वाढवली आणि एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावलं. आठ आणे म्हणजे तेव्हा थोडे नव्हेत. मग मारेकऱ्यांनी रस्त्यावरचं कुत्रं कोणतं आणि घरातलं कोणतं, हे बघणंच सोडलं. लोकांच्या दारातून कुत्री ओढून न्यायला लागले. पारशांमध्ये माणूस गेल्यावर प्रेतापुढे कुत्रा आणण्याचा सगदीद नावाचा विधी असतो, त्यांना कुत्रा पवित्र. ६ जून हा त्यांचा सणाचा दिवस होता. त्या दिवशी कोटात पारशांच्या जमावाने शिपायांना झोडपलं. दुसऱ्या दिवशी हडताळ! पारशांबरोबर जैन आणि हिंदू व्यापाऱ्यांनीही दुकानं लावली आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीचा पाव-पाण्याचा पुरवठा अडवला. सरकारला सैन्य बोलवावं लागलं. नंतर अर्जविनंत्या झाल्या आणि मारण्यापेक्षा कुत्री शहराबाहेर न्यावीत, असा विचार पुढे आला.

दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, मुंबईची पांजरापोळ सुरू झाली. सर जमशेटजी जीजीभॉय आणि आपले शेठ मोतीशा, म्हणजे मोतीचंद अमीचंद, हे तिचे मुख्य आधार. शत्रुंजयाला गेलेल्यांनी मोतीशांची टूक पाहिली असेलच, ते हेच. भायखळ्याचं आदीश्वराचं मंदिरही त्यांचंच. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वतःहून लागा बसवून घेतला. माझ्यासारख्या बी.कॉम. बाईला हे फार आवडतं. एकदा भावनेच्या भरात देणगी देऊन मोकळं व्हायचं नाही, दर व्यवहारामागे थोडं थोडं बाजूला काढायचं. एक गोष्ट मात्र मी लपवणार नाही. या दोन्ही शेठांचा मोठा व्यापार चीनशी होता आणि त्यात अफूही होती. विषवाणिज्यही त्याच पंधराच्या यादीत आहे ना? इतिहास वाचायचा तर असा सगळाच वाचावा.

अशी घरं आपल्याकडे आधीही होती. अकबराच्या काळात आलेल्या राल्फ फिच नावाच्या इंग्रज प्रवाशाने खंबायतला लंगडी कुत्री, मांजरं आणि पाखरं यांचे दवाखाने असल्याचं लिहून ठेवलं आहे. पण ‘दवाखाना’ म्हणजे तिथे निवारा आणि चारापाणी. उपचार करणारं रुग्णालय मुंबईत परळला १८८३ मध्ये झालं, ते सर दिनशॉ पेटिट यांनी पत्नी साकरबाईंच्या नावाने दिलेलं. त्याच्याच आवारात १८८६ मध्ये मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय निघालं. आपल्या सातारा जिल्ह्यात असं महाविद्यालय यायला आणखी शंभर वर्षं गेली. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय १९८८ चं. ठकीचं ऑपरेशन केलं त्या डॉक्टरीणबाई तिथेच शिकलेल्या. मुलगी जनावरांची डॉक्टर होते, हेच आमच्या लहानपणी कुणाला खरं वाटलं नसतं.

आता थोडा हिशेब करू. पांजरापोळीने प्रश्न का सुटला नाही, ते त्यात दिसतं. कुत्री साधारण दोन महिने गाभण असते, वर्षातून दोनदा व्यायते आणि एका वेताला पाच-सहा पिल्लं होतात. त्यातल्या दोनच माद्या जगल्या असं धरा. एका कुत्रीच्या वर्षाअखेरीला पाच झाल्या. त्याच चालीने दुसऱ्या वर्षी पंचवीस, तिसऱ्या वर्षी सव्वाशे. हे चक्रवाढ व्याज झालं! प्रत्यक्षात असं होत नाही, कारण बहुतेक पिल्लं मरतात. गाडीखाली, उपाशी, थंडीत, नाहीतर रक्ताची हगवण लागून. गल्लीतली कुत्र्यांची संख्या फारशी वाढलेली दिसत नाही, ती या मरणांमुळे. ठकीच्या शेवटच्या वेताला सहा पिल्लं होती. दीड महिन्यात एक उरलं. आम्ही रोज दूध-भाकरी घालत होतो, तरीही.

आणि जिथे संख्या वाढे, तिथे नगरपालिका विषाचे लाडू टाके. माझ्या माहेरी १९७० च्या सुमारास मी ते पाहिलंय. काजऱ्याच्या बियांतून निघणारं स्ट्रिक्नीन त्यात असे. सकाळी शाळेत जाताना रस्त्याच्या कडेला ताठ झालेली कुत्री आणि आईने डोळ्यांवर धरलेला हात, हे मला अजून आठवतं. पण लोकांची भीतीही खोटी नव्हती. पिसाळलेलं कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौलीला तयार केलेली ती लस मेंढीच्या मेंदूपासून व्हायची. माणूस वाचवायला मेंढी मारायची, तर तो प्रसंगच येऊ नये म्हणून कुत्रं मारायचं. कुठूनही जा, जीव जातोच.

या कोंडीतून वाट दाखवली मद्रासच्या ब्ल्यू क्रॉस संस्थेने. शंभर वर्षं मारूनही कुत्री कमी होत नाहीत, तर मारण्याऐवजी त्यांची नसबंदी करा, रेबीजची लस द्या आणि जागच्या जागी सोडा, असं त्यांनी १९६४ पासून सांगायला सुरुवात केली. महापालिकेने ऐकायला १९९६ उजाडलं. तोवर राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल या नृत्यांगनेने धरलेल्या चिकाटीमुळे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा झालेला होता. त्याच कायद्याखाली २००१ मध्ये कुत्र्यांच्या नसबंदीचे नियम आले, ते २०२३ मध्ये नव्याने आले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिल्लीच्या कुत्र्यांवरून काय काय झालं, ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल. २२ ऑगस्टच्या आदेशात शेवटी हीच पद्धत राहिली. शस्त्रक्रिया आणि लस झाली की पिसाळलेली आणि अंगावर धावून येणारी सोडून बाकीची कुत्री होती तिथे परत सोडायची. पुढे नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, बसस्थानकं अशा आवारांसाठी वेगळा, जास्त कडक आदेश आला.

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट कुणी लिहिलेली नाही, ती म्हणजे ऑपरेशननंतरचे दिवस. दंगा, देणगी, कायदा यांच्या तारखा सापडतात. जखम कुणी पुसली, रात्री कुणी उठून पाहिलं, याची नोंद सापडत नाही. ती बायकांच्या हातची कामं, म्हणून असेल.

दशलक्षणात रोज एक अध्याय करत आपण तत्त्वार्थसूत्र वाचतो. सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येतात. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. ठकीचं करताना माझ्या लक्षात आलं, की यातले तीन तर मला स्वतःच्या हातांनी करावे लागताहेत.

पहिला अन्नपाननिरोध. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून तिला खायला द्यायचं नव्हतं. भूल दिल्यावर पोटातलं अन्न उलटून श्वासनळीत गेलं तर जीव जातो. आपल्याला उपवासाची सवय असते, कारण तो आपण घेतलेला असतो. तिला काय ठाऊक? ताटली वाजली की शेपूट हलवत यायची. सूनबाईने शेवटी ताटलीच माळ्यावर ठेवली. भूल उतरल्यावरही लगेच वाटीभर दूध पुढे करायचं नाही. ती नीट उभी राहीपर्यंत थांबायचं, मग चमचा-चमचा पाणी, मग थोडा मऊ भात. आमची दुपारी घरी आली, पाच-साडेपाचला उभी राहिली, त्यामुळे दोन घास सूर्यास्ताआधी झाले. रात्रीभोजनाचा त्याग आपोआप पाळला गेला!

त्या पहिल्या संध्याकाळी कुत्री थंड पडते. शरीराची ऊब कमी होते. जमिनीवर पोतं, त्यावर सासूबाईंचं जुनं लुगडं अंथरून, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवावी. कॉटवर किंवा पायरीवर नको. भुलीत उतरायला जाते आणि पडते. हिरड्या पांढऱ्या पडल्या, टाक्यांतून रक्त ठिबकत राहिलं, किंवा दुसऱ्या दिवशीही ती मान उचलत नसेल तर वाट बघत बसू नका, डॉक्टरांना फोन करा. आपल्या औषधाच्या डब्यातली तापाची किंवा दुखण्याची गोळी चुकूनही देऊ नका. ब्रूफेनसारखी गोळी कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक असते.

मग बंध. दहा-बारा दिवस पळायचं नाही, उडी मारायची नाही, जिना चढायचा नाही. मादीच्या पोटातून गर्भाशय आणि अंडाशय काढलेले असतात, आतले टाके निसटले तर आतडं बाहेर येऊ शकतं. जन्मभर मोकळी फिरलेली कुत्री दोरीला बांधली की रडते. ठकी दोन रात्री रडली. आमचे हे म्हणाले, सोडून दे, जाईल तिकडे जाईल. मी पुढच्या अंगणात खाट टाकून तिच्याजवळ झोपले. त्यानंतर ती गप्प झाली. गळ्यात प्लास्टिकचा कर्णा घालतात, जखम चाटू नये म्हणून. इंग्रजीत त्याला एलिझाबेथ राणीच्या नावाने ओळखतात, तिच्या काळातल्या झालरीच्या गळपट्ट्यावरून. त्या कर्ण्याने ती दाराला, रांजणाला, माझ्या पायाला धडकायची. पाणी पिता येईना, म्हणून ताटली विटेवर ठेवली. जेवताना समोर बसून कर्णा काढायचा आणि लगेच परत घालायचा. दया येऊन काढून टाकला तर एका रात्रीत टाके उसवतात.

दुखत असताना ती गुरगुरते, दातही दाखवते. तेव्हा हात उगारायचा नाही, तो वध. सूत्रातल्या वधाचा अर्थ जीव घेणं नाही, मारहाण आहे.

जखम सकाळ-संध्याकाळ फक्त बघायची. थोडी लाली आणि सूज पहिले दोन-तीन दिवस चालते. पू, वास, वाढणारी सूज चालत नाही. आंघोळ नाही, ओलं होऊ द्यायचं नाही. आमच्याकडे मुंग्या फार. खडू किंवा पावडर मी वापरत नाही, अंथरुणाभोवती हळदीची रेघ ओढली. हळदीचं काम जमिनीवर, टाक्यांवर हळद लावायची नाही. माश्यांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. माशी बसली की अंडी घालते, किडे पडतात, आणि मग एका जिवासाठी शेकडो काढून टाकावे लागतात. कोरडी आणि झाकलेली जागा हीच तिथली जीवदया.

आणि छेद. यात एक गोष्ट आपल्या बायकांनी मुद्दाम विचारावी, टाक्यांचा धागा कसला? पूर्वी आतल्या टाक्यांना सर्रास कॅटगट वापरत. नाव मांजराचं, पण तो मेंढ्या-गुरांच्या आतड्यांपासून होतो. (त्याआधीचं विचारू नका. सुश्रुतसंहितेत आतड्याच्या कडा मोठ्या काळ्या मुंग्यांकडून चावून घेऊन जुळवायला सांगितलंय.) १९७० च्या सुमारापासून विरघळणारे कृत्रिम धागे मिळतात. मी आधीच सांगितलं, डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, “काकू, मी तेच वापरते.” औषधाचंही तसंच. कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं. गोळी मिळते का ते विचारायचं, पण औषधाचा एकही डोस चुकवायचा नाही.

उरलं अतिभारारोपण. दर सहा महिन्यांनी सहा जीव पोटात वागवायचे, पाजायचे आणि त्यातले पाच मरताना बघायचे, याला मी अतिभार म्हणते. हा अर्थ माझा आहे, शास्त्रकारांचा नाही. कुणी विद्वान तो खोडून काढतील तर मी ऐकेन. प्रमादाने केलेला प्राणघात म्हणजे हिंसा, असं सूत्रकार सांगतात, म्हणून वैद्याच्या सुरीला वेगळं मोजतात. तरी करणं, करवणं आणि अनुमोदन तिन्ही सारखी धरायची असतात, आणि हे मी करवलेलं आहे. त्यामुळे ‘दोष नाहीच’ असं मी त्या दोघी-तिघींना म्हटलं नाही. प्रतिक्रमणात मी ते धरते. ठकीचं शेवटचं उरलेलं पिल्लू आता वर्षाचं होईल. ते नर आहे, त्याचंही करायचंय. नरांचं सोपं असतं, पण ऑपरेशननंतरही महिना-दीड महिना त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात, तेवढे दिवस त्याला मोकळं सोडायचं नाही.

बाराव्या दिवशी ठकीचे वरचे टाके काढले. भुलीत असतानाच डॉक्टरीणबाईंनी तिच्या डाव्या कानाचं टोक कापलं होतं. नसबंदी झाल्याची ती खूण. कान कापणं तर निर्लांछनाच्या व्याख्येतच आहे, मला ते माहीत होतं, तरी मी हो म्हटलं. पुढे कधी पकडणारी गाडी आली, तर माणूस लांबूनच कान बघेल आणि तिचं पोट दुसऱ्यांदा उघडणार नाही.